तीस तासांत जगातले सगळे धर्म

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुलांना शाखेबाहेरचाही विषय घ्यायला सांगितले. त्यात ‘जागतिक धर्मांची ओळख’ दोन श्रेयांकांची ठेवली, तर तास तीस. धर्म आठ-दहा. प्रत्येकाच्या वाट्याला तीन तास, त्यातून हजेरीची वेळ वजा.

मग तक्ता येतो: संस्थापक, ग्रंथ, चिन्ह, सण. हिंदू धर्मापाशी पहिलाच रकाना अडतो. गाईड तिथे ‘अनादी’ छापून मोकळे. लातूर जिल्ह्यातल्या देवणीतला लिंगायत मुलगा विचारणारच, ‘सर, आम्ही कोणत्या पानावर?’ लिंगायत हा स्वतंत्र धर्म का, या ज्या प्रश्नावर २०१७ साली लातुरात प्रचंड मोर्चा निघाला, तो सर एका वाक्यात सोडवतील: ‘परीक्षेला येणार नाही.’

वानेरा, बालंक्या, शेवेरा हे देवणी बैलांचे तीन प्रकार इथला शेतकरी लांबून ओळखतो. माणसांच्या श्रद्धेला मात्र चार रकाने पुरे!

पूर्णपणे सरकारी खर्चाच्या संस्थेत धर्मशिक्षण नको, असे घटनेचे कलम २८ सांगते. धर्मांविषयीच्या अभ्यासाला मात्र ही बंदी लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. त्या अभ्यासासाठी देवणीकरांनी फार लांब जायला नको. बसवेश्वरांचे बसवकल्याण आहे, १७०८ साली गुरु गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला ते नांदेड आहे, खरोशाची लेणी आहेत. एसटीने एका दिवसात जाऊन यावे, अशी ही ठिकाणे. पण सहलीला श्रेयांक नाही.

प्राचार्यसाहेब, तक्ता पुसा आणि एसटी ठरवा. तिकिटाचा खर्च गाईडपेक्षा सत्कारणी लागेल.