गळक्या गीझरचा आटा ओळखण्याची सोपी, शास्त्रीय पद्धत

सकाळी गीझरखाली रिकामी ठेवलेली बादली संध्याकाळी आपोआप भरलेली दिसली, तर तो चमत्कार नव्हे. गीझरची कनेक्शन नळी गळते आहे. आजोबांच्या तांब्याच्या बंबाला ही व्याधी नव्हती. गळलाच तर गावात तांबट होता. आपल्याकडे प्लंबर आहे, आणि तो चार दिवसांपासून ‘निघालोच साहेब’ या अवस्थेत आहे. अशा वेळी सुजाण गृहस्थाने नवी नळी स्वतः आणावी. त्यासाठी आट्याचं माप ओळखता आलं पाहिजे. पद्धत पुढीलप्रमाणे.

पायरी पहिली : सुरक्षा. गीझरचा मेन स्विच बंद करा, पाणी गार होऊ द्या, येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा. एवढा परिच्छेद न हसता वाचावा.

पायरी दुसरी : पाना लावून नळीचा नट सोडवा. गीझरमधलं उरलेलं पाणी आपल्या बाहीतून कोपरापर्यंत जाईल, जाऊ द्या. नटाच्या आत एक चेपलेली काळी रबरी चकती दिसेल. ती तूर्त खिशात टाका. आपला विषय आटे हा आहे.

पायरी तिसरी : अर्धा इंच शोधा. ‘गीझरला अर्धा इंचीच असतं’ असं शेजारचे काका सांगतात. म्हणून पट्टी घेऊन आट्यांचा बाहेरचा व्यास मोजावा. तो भरतो जवळपास 21 मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे 12.7. मग काका आतलं भोक मोजायला सांगतील. गीझरवर त्याचा भरवसा नाही, म्हणून जिन्यातली जुनी अर्धा इंची जी.आय. पाइप पाहावी, तिचं भोक निघतं सुमारे 16. आतून मोजा, बाहेरून मोजा, अर्धा इंच काही सापडत नाही.

इथे बहुतेक साधक खचतात. खचू नये. अर्धा इंच हे माप नसून आडनाव आहे. सातपुत्यांच्या घरी सात मुलगे मोजायला कोणी जात नाही. कधीकाळी हा आकडा पाइपच्या आतल्या भोकावरून पडला. पुढे भोक बदललं, नाव राहिलं.

पायरी चौथी : खरी ओळख पटवा. कॅलिपर नसेल तर आट्यांवरून दोरा एकदा घट्ट फिरवा आणि दोऱ्याची लांबी मोजा. साधारण 66 मिलिमीटर भरली तर अर्धा इंची, 83 भरली तर पाऊण इंची. दोरा सापडला नाही तर दहा रुपयांचं नाणं टेकवून पाहा. ते 27 मिलिमीटरचं असतं, पाऊण इंची आटा त्याहून किंचितच लहान. अर्धा इंची नाण्याच्या मागे पूर्ण लपतो.

पायरी पाचवी : आटे मोजा. अर्धा इंची असो की पाऊण, एका इंचात 14 आटे. एक इंचीला मात्र 11. गीझरच्या तोंडावर इंचभर आटे क्वचितच मिळतात, म्हणून अर्ध्या इंचात सात मोजावेत. चष्मा लावून एकदा आणि न लावता एकदा मोजल्यास दोन उत्तरं येतील, चष्म्याचं धरावं.

पायरी सहावी : घराणं तपासा. आपल्याकडचे हे आटे ब्रिटिश घराण्याचे. त्यांचा कोन 55 अंशांचा, जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज अभियंत्याने 1841 साली सुचवलेला. अमेरिकन घराण्याचा कोन 60. पंचाईत अशी की अमेरिकन अर्धा इंचीतही इंचाला 14 च आटे. त्यामुळे भाच्याने न्यू जर्सीहून बॅगेतून आणलेला शॉवर आपल्या नळीवर पहिले दोन-तीन फेरे लाडाने चढतो आणि मग रुसतो. तिथे पान्याचा जोर लावला की आटे मेले. भाच्याला ‘छान बसला’ असं कळवावं.

पायरी सातवी : सगळं कागदावर लिहून हार्डवेअरच्या दुकानात जावं. सोबत जुनी नळी न्यावी, पण पिशवीतच ठेवावी. एवढ्या अभ्यासानंतर वस्तू दाखवणं कमीपणाचं दिसतं. गल्ल्यावरच्या शेटजींना स्पष्ट आवाजात सांगावं, ‘बाहेरचा व्यास 20.955, इंचाला 14 आटे, कोन 55 अंश.’

शेटजी म्हणतील, ‘म्हणजे अर्धा इंची. नळी आणलीय का?’

ती काढून द्यावी. ते टेबलावरचं एक पितळी निपल उचलतील आणि न बघता नटात हाताने फिरवतील. ते सरळ आत जाईल. चौथ्या पायरीपासून सहाव्या पायरीपर्यंतचा आपला रविवार त्यांनी तीन सेकंदांत उरकलेला असेल.

‘आटे चांगले आहेत साहेब. आतला वायसर कुठाय?’

तेव्हा खिशातली काळी चकती काढावी. मग ते समजावतील : या नळीच्या नटात पाणी आटे अडवत नाहीत, वायसर अडवतो. आट्यांचं काम त्याला दाबून धरायचं, म्हणून तिथे टेफ्लॉन टेपचे वीस वेढेही उपयोगाचे नाहीत. निमुळत्या आट्यांच्या जोडाची गोष्ट वेगळी, तिथे टेप लागते.

नव्या वायसरचे शेटजी बहुधा पैसे घेणार नाहीत. मात्र इतकं मोजल्यावर रिकाम्या हाताने घरी जाता येत नाही, म्हणून अर्धा इंची नळी विकत घ्यावीच. घरी पोचाल तेव्हा दारात प्लंबर उभा असेल.