नुसता सांगाडा

"नुसता सांगाडा हवाय, डेटा नको," साहेबांनी शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला सांगितलं. वर, "पाच मिनिटांचं तर काम." पाच मिनिटांची कामं शुक्रवारी साडेपाचलाच का निघतात, हे मी विचारत नाही.

तसं साहेबांचं चुकलं नव्हतं. डेटाबेसची नक्कल काढणाऱ्या मायएसक्यूएलडंपला 'नो-डेटा' एवढं सांगितलं की सगळ्या टेबलांची रचना एका फाइलीत उतरते, नोंद एकही येत नाही. ती फाइल नव्या सर्व्हरवर चालवायची. फाइल चार सेकंदांत झाली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पहिल्याच टेबलाला सर्व्हरने एरर १२७३ दिली : असलं कोलेशन मला ठाऊक नाही. कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना करायचे आणि क्रम लावायचे नियम. जुन्या सर्व्हरवर मायएसक्यूएलची आवृत्ती ८.०, नव्यावर ५.७. म्हणजे आमचा नवा सर्व्हर फक्त पेटीने नवा. डोकं २०१५ सालचं. टेबलात क्रम लावायला एक अक्षर नव्हतं, तरी तो कसा लावायचा यावर पाऊण तास गेला.

मग लक्षात आलं, स्टोअर्ड प्रोसिजर आल्याच नाहीत. ट्रिगर टेबलांबरोबर सहकुटुंब येतात. प्रोसिजरना मात्र स्वतंत्र अक्षत द्यावी लागते, 'रूटीन्स' असं नाव घेऊन. इव्हेंटना आणखी वेगळी. मी दोघांनाही रीतसर बोलावलं. आले. कुणी काही बोललं नाही, पण घरातलं कार्य असल्यासारखं वाटलं खरं.

रिपोर्ट उघडला तर एरर १४४९ : 'डिफायनर' म्हणून नोंदलेला वापरकर्ता अस्तित्वात नाही. हा वापरकर्ता म्हणजे आमचा एक सहकारी. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. आम्ही त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं, समोसे खाल्ले, ग्रुपवरून काढलं. पण त्याने बनवलेले रिपोर्टचे व्ह्यू अजून त्याच्याच अधिकाराने चालत होते, कारण जुन्या सर्व्हरवर त्याचं खातं बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. नव्या सर्व्हरने मात्र व्ह्यू निमूट ठेवून घेतले आणि पहिल्यांदा वापरताना विचारलं, हे गृहस्थ कोण? माझ्या कामांची अशी चौकशी कुणी केल्याचं आठवत नाही.

रात्री साडेनऊला सगळं बसलं. साहेबांना घरून लॉगिन करता येईना. वापरकर्ते टेबलात असतात आणि टेबल रिकामं होतं, हे मी फोनवर समजावलं. हाताने त्यांची एक नोंद घातली. ते आत गेले आणि दोन मिनिटांत पुन्हा फोन.

"अहो, जिल्ह्यांची यादी रिकामी दिसतेय."

"डेटा नको म्हणाला होतात."

"जिल्हे म्हणजे काय डेटा आहे का? जिल्हे असतातच."

महाराष्ट्राचे छत्तीसच्या छत्तीस जिल्हे मी जुन्या सर्व्हरवरून आणून बसवले. साहेबांनी चाचणीसाठी स्वतःच एक ग्राहक भरला. त्याला क्रमांक मिळाला ४८२१४. टेबलाच्या रचनेत पुढचा क्रमांकही लिहिलेला असतो आणि तो सांगाड्याबरोबर इमानेइतबारे येतो. तो पुसायचा राहिला होता.

फोनवर थोडा वेळ शांतता.

"आधीचे अठ्ठेचाळीस हजार आलेत वाटतं," साहेब म्हणाले. "मी डेटा नको म्हटलं होतं ना?"