नाक्यानाक्यावर 'नाक्या'

'मला जायला हवं' एवढंच सांगायचं, तर पुस्तकी जपानीत आधी श्वास भरून घ्यावा लागतो: 'इकानाकेरेबा नारिमासेन'! शब्दशः, 'गेलं नाही तर व्हायचं नाही.' दोन नकार एकमेकांच्या खांद्यावर चढले की कर्तव्य उभं राहतं. पुण्याच्या क्लासात घोटून घेतलेलं हे अस्त्र परजत मी टोकियोत उतरलो, तर गप्पाटप्पांत त्याचं नावच नाही. तिथे नुसतं 'इकानाक्या'. शेपूट गायब! 'गेलं नाही तर...' एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. तर काय, ते ज्याचं त्यानं ओळखावं. आपल्याकडे आई 'अभ्यास केला नाहीस तर...' म्हणून थांबली की पोरं मुकाट पुस्तकं उघडतात. इथे निम्मं राष्ट्र हसतमुखानं तसंच थांबतं.

शिंजुकूच्या एका इझाकायात (खाण्याच्या नावाखाली प्यायची जागा) शेवटच्या गाडीची वेळ होत आली. शेजारच्या टेबलावरच्या साहेबांनी टाय सैल केला, घड्याळ पाहिलं, 'मो काएरानाक्या', घरी निघायला हवं, असा सुस्कारा सोडला आणि आणखी एक बियर मागवली. सोबत्यांनीही 'काएरानाक्या' म्हणत माना डोलावल्या. उठलं कुणीच नाही. मराठीत 'मला जायला हवं' म्हटलं की त्या 'मला'मुळे ओझं कुणाच्या डोक्यावर ते ठरतंच. जपानी वाक्यात कर्ता घालायची सक्ती नाही. निघायचं तर आहे, पण नेमकं कुणी, हे बियरच्या फेसात विरघळतं.

ओसाकाचा कारभार रोखठोक. तिथे शेपूट शाबूत असतं आणि त्याचं नाव 'आकान': चालायचं नाही! सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभं राहतात, ओसाकात उजवीकडे. माझ्यापुढचा टोकियोकर सवयीनं डावीकडे खिळलेला. मागून एक आजीबाई कडाडल्या, 'मिगी नि तातानाआकान दे!' उजवीकडे उभं राहिलं नाहीस तर चालायचं नाही. गडी चटकन सरकला. सुस्कारा नाही, बियर नाही.

वर पोचल्यावर आजीबाईंचा मोर्चा माझ्याकडे वळला. ओसाकाला आलास ना, मग 'ताकोयाकी ताबेनाआकान'! ताकोयाकी दिसायला आप्प्यांसारखे गोंडस, पण पोटात ऑक्टोपस. मी जन्माचा शाकाहारी. व्याकरणाच्या पुस्तकातली सुटकेची वाट आठवून अदबीनं विचारलं, 'ताबेनाकुतेमो ई देसु का?' नाही खाल्लं तर चालेल का?

'आकान, आकान!' म्हणत त्यांनी मला रांगेत उभं केलं. उजवीकडे.