मधली अडीच वर्षं

बाळंतपणाची रजा 2017 मध्ये 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. चांगलंच झालं. सत्ताविसाव्या आठवड्यात बाळ सहा महिन्यांचं असतं, नुकतं बसायला बघतं. आणि आईला कामावर हजर व्हायचं असतं.

अंगणवाडीत मुलाला बसवून घेतात ते तीन वर्षांचं झाल्यावर. त्याआधी वजन करतात, घरी न्यायला आहाराचं पाकीट देतात. मूल पुन्हा आईच्या कडेवर.

मग मधली अडीच वर्षं?

आजी बघेल, असं सगळे म्हणतात. आजी गावाला असते. शहरात असली तर कित्येकदा तीही चार घरची धुणीभांडी करत असते. उरते थोरली ताई, वय वर्षं दहा. तिची शाळा बुडते, मग सुटते. कागदावर तिची नोंद होते ‘गळती’ म्हणून.

त्याच 2017 च्या कायदादुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभाही दिली. कुणाला? फक्त आईला. पन्नास मोजताना बाप धरला, मूल बघायला जाताना तो सुटला.

आणि भाजीवालीचे पन्नास कोण मोजणार?

बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी दिल्लीत ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेने पाळणाघरांचं काम सुरू केलं 1969 मध्ये. बांधकाम मजुरांचा स्वतंत्र कायदा आला 1996 मध्ये. तोवर त्या पहिल्या मुलांची स्वतःची मुलं वाळूच्या ढिगावर खेळण्याइतकी झाली होती. शिवाय त्यात पाळणाघरासाठी अट अशी होती, की साइटवर पन्नासहून जास्त बाया हव्यात. चाळीस बायांची मुलं वाऱ्यावर.

आता केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे. अंगणवाडीतच पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. विचार अगदी योग्य, मी त्याच्या बाजूनेच आहे. पण उद्दिष्ट 17,000 पाळणाघरांचं, आणि देशात अंगणवाड्या सुमारे 14 लाख. ऐंशीमागे जेमतेम एक.

वेळ साडेसात तास. पाळी आठ तासांची, वर विरार लोकल. उरलेल्या तासांत मूल कुणाच्या दारात बसवायचं?

बीडहून ऊस तोडायला निघालेलं जोडपं तर या हिशोबातच नाही. पहाटेच्या अंधारात फडावर जायचं, तान्हं मूल बांधावर चिंध्यांवर निजवायचं. साखरशाळा शाळकरी मुलांसाठी. दीड वर्षाच्या पोराजवळ कोण बसतं? पाच वर्षांची बहीण. शेजारून ट्रॅक्टर जातो, पाचटात साप असतो. हंगाम दरवर्षी येतो. पाळणाघर का येत नाही?

जागा नाही, हे कारण पुढे करू नका. समाजमंदिरं आहेत, पट कमी झालेल्या शाळांच्या खोल्या आहेत. कमी आहे ती सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराची. तान्ही मुलं सांभाळणं हे काम आहे, असं सरकारला अजून वाटतच नाही. म्हणून तिला वेतन नसतं, मानधन असतं. डिसेंबर 2023 मध्ये राज्यातल्या अंगणवाडीताई याचसाठी संपावर गेल्या, त्या जानेवारी उलटत आला तरी रस्त्यावरच होत्या.

पंचवीस मुलांची शी-शू, खाणं, झोप, ताप, रडणं. हे सगळं साडेसात तास बघणाऱ्या बाईचं स्वतःचं मूल तेवढा वेळ कुठे असतं, हे कुणी तिला विचारलंय?