बावीस नंबरचं दार

दिवाळी अंकाची पानं छापखान्यात पोचवणारा आमचा पेनड्राइव्ह वयाने काही नवकवींपेक्षा मोठा आहे. त्यात अंकाची पानं असतात, डीटीपीवाल्यांच्या भाच्याच्या मुंजीचे फोटो असतात आणि 'न्यू फोल्डर' नावाचं एक सोंग असतं. दिसायला फोल्डर, टिचकी मारली की व्हायरस. दर वर्षी तो छापखान्यातून आमच्याकडे येतो, चार दिवस माहेरपण करतो आणि परत जातो.

यंदा संपादकांनी फर्मान काढलं, "पानं सुरक्षित मार्गानेच जातील." मार्ग शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मागे त्यांचा रुसलेला प्रिंटर मी थापट मारून चालू केला होता.

छापखान्याच्या नानांना फोन लावला. "आहे की आपलं एफटीपी! घ्या पासवर्ड लिहून," म्हणाले, आणि मागे ऑफसेट मशीन धडधडत असल्यामुळे तो त्यांनी बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितला. अख्ख्या पेठेने ऐकला असणार. पण एफटीपी तरी वेगळं काय करतं? पासवर्ड आणि मजकूर, दोन्ही उघडेवाघडे तारेवरून जातात. वाटेत कोणी कान लावून बसला असेल तर त्याची चंगळ. यात मूळ लेखकाचा दोष नाही. एफटीपीचा पहिला मसुदा 1971 साली एमआयटीत अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला हा माणूस. तेव्हा जाळ्यावर यंत्रं मोजकी आणि ती चालवणारे एकमेकांच्या ओळखीचे. कुलपाचा विषय काढणार कोण? पुढे 2021 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स यांनीसुद्धा एफटीपीला निरोप दिला. नानांनी दिला नाही.

कुलूप आलं ते फिनलंडमधून, 1995 साली. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी जाळ्यावर दबा धरून पासवर्ड टिपले, तेव्हा तातू इलोनेन या संशोधकाने एसएसएच लिहून काढलं. एफटीपीचं पोर्ट 21, टेलनेटचं 23, दोघेही चव्हाट्यावर बोलणारे. त्याने मधलं 22 ईमेल करून मागितलं आणि दुसऱ्या दिवशी मिळालंसुद्धा. आमच्या सोसायटीत दोन गाड्यांमधली रिकामी जागा मागून बघा एकदा.

याच 22 मधून एसएफटीपी चालतं. (एफटीपीएस नावाचं आणखी एक प्रकरण आहे. ते वेगळं. त्याच्या नादी मी लागलो नाही.) नानांच्या पुतण्याने सर्व्हरवर एसएफटीपी चालू केलं, मी विनएससीपी उतरवून घेतलं, आणि पहिल्याच जोडणीला पडद्यावर खिडकी उघडली: हा सर्व्हर ओळखीचा नाही, त्याचं फिंगरप्रिंट अमुक अमुक, पुढे जायचं का? जगभर लोक इथे न वाचता 'येस' दाबतात. आणि सगळी मदार नेमकी त्या 'येस'वर. मधे भलताच कोणी सर्व्हर म्हणून मिरवत बसला असेल, तर पुढचं भक्कम एन्क्रिप्शन थेट त्या भामट्याशीच.

पुन्हा नाना.

"फिंगरप्रिंट सांगा."

"अंगठा लावायला मी येऊ का तिकडे?"

पुतण्याने लिहून ठेवलेली चिठ्ठी बिलबुकात सापडली. 43 अक्षरं, मोठी-लहान लिपी वेगळी धरायची.

"के."

"लहान की मोठा?"

"किलोतला."

"नाना, लहान की मोठा?"

"अहो, किलो कधी लहान-मोठा असतो का!"

पाव किलोचा विषय मी काढला नाही. अर्ध्या वाटेवर मशीनमनने शाई विचारली आणि आम्ही पहिल्यापासून सुरू केलं. पण जुळलं, शेवटच्या अक्षरापर्यंत जुळलं. पानं गेली.

अंक आणायला गेलो तेव्हा काउंटरवर ते फिंगरप्रिंट आर्टपेपरवर छापून, लॅमिनेट करून लावलेलं. मला भरून आलं. बरोबरच आहे, ते लपवायचं नसतंच. जितक्यांना माहीत तितकं बरं.

त्याच्याखाली, दुप्पट टायपात, लाल शाईत, पासवर्ड.