दुर्बीण कोणाच्या गळ्यात?

लग्नाच्या बायोडेटात उंची, पगार, गोत्र, मामाचं गाव या सगळ्याच्या खाली एक ओळ असते. छंद. मुलीच्या कागदावर वाचन, गायन, पाककला. मुलाच्या कागदावर क्रिकेट, ट्रेकिंग, प्रवास. दोन्हीकडची मोठी माणसं पगाराची ओळ चष्मा लावून वाचतात. ही ओळ कोणीच वाचत नाही. लग्नानंतर तिचं काय होतं ते मी आजूबाजूला वर्षानुवर्षं बघतेय. मुलाचं क्रिकेट चालू राहतं. मुलीचं गायन बंद पडतं. पाककला तेवढी जोरात चालते, दोन्ही वेळ, सणावाराला चार वेळ.

आज हा विषय काढायला कारण आहे. गड्डा आत्ताच झाला. संक्रांतीला आपल्या शहराची सगळ्यात मोठी जत्रा भरते आणि तिचा गाभा म्हणजे एक लग्न. सिद्धरामेश्वरांचा योगदंड आणि कुंभारकन्या यांच्या विवाहाच्या अक्षता. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, सात नंदीध्वज, संमती कट्ट्याभोवती मुंगी शिरायला जागा नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारं अख्खं सोलापूर त्या दिवशी वऱ्हाडी होतं. मला हा सोहळा मनापासून आवडतो. लग्न लावण्यात सोलापूरकरांचा हात कोणी धरू शकणार नाही. पण लग्न झालेल्या दोघांना एक संध्याकाळ एकमेकांसोबत काढू द्यायची म्हटली की आपण कमालीचे कंजूष होतो.

नवराबायको दोघंच फाटकातून बाहेर पडले की शेजारून प्रश्न येतो, ‘दोघंच निघालाव काय वो?’ या ‘दोघंच’मध्ये सगळं आलं. दवाखान्यात निघालात तर ठीक. तुळजापूरला, अक्कलकोटला, बारशाला, मातीला निघालात तर ठीक. उगीचच, फिरायला, आवडतं म्हणून निघालात तर मात्र चौकशी. आणि चौकशी बाईचीच. पोरं कुठायत? सासूबाईंचं जेवण झालं का? पुरुषाला हे कोणी विचारत नाही. तो पार्क चौपाटीवर मित्रांसोबत तासन् तास उभा राहिला तरी त्याच्या आईच्या जेवणाची काळजी गल्लीला पडत नाही.

हे काही आजचं नाही. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली आलं. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे त्यांना घरी शिकवायचे, आणि घरातल्या बायका त्यावरून त्यांना टोचून टोचून हैराण करायच्या, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. नवराबायको मिळून पुस्तक उघडतात एवढाच गुन्हा. शंभर वर्षं उलटून गेली. पुस्तकाच्या जागी स्कूटर आली, टोचणं तेच आहे.

काम मात्र दोघांनी मिळून केलेलं आपल्याला नेहमीच चाललं. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली आणि पुढे हे शहर भोंग्यावर उठायला, भोंग्यावर झोपायला शिकलं. नवरा पाळीवर, बायको घरी कांड्या भरतेय. शहराच्या पूर्व भागात आजही जाऊन बघा. नवरा यंत्रमागावर, बायको उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, डोळे रस्त्यावर आणि बोटं आपोआप. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं नाव देशभर आहे. त्या चादरीमागे हजारो जोड्यांचे चार-चार हात आहेत. एवढं जोडीने राबणारं शहर, आणि जोडीने रिकामं बसायची इथे लाज वाटते. माझा राग तिथेच आहे.

रिकामं बसायचं तर वेळ हवा. तो कोणाकडे आहे हे सरकारनेच मोजलंय. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं तेव्हा त्यात जात होती. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळी शंभरात साधारण २६, बायका ८१. म्हणजे बाईचे पाच तास आधीच गेले. त्यात आपल्याकडे वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. पाण्याच्या दिवशी बाई कुठे हलू शकत नाही. घरातलं पिंप, हंडे, बादल्या, घागरी भरेपर्यंत तिचा रविवार संपलेला असतो. नवऱ्यांनो, ‘हिला कशाची आवडच नाही’ असं म्हणण्याआधी पिंप कोण भरतं तेवढं सांगा.

म्हणून माझी व्याख्या सरळ आहे. दोघांचे हात एकाच वेळी मोकळे असतील तरच तो जोडीचा छंद. नवरा बागकाम करतो आणि बायको चहा आणून देते, हा जोडीचा छंद नव्हे. नवरा मित्रांना गाणी ऐकवायला बोलावतो आणि बायको आतून भजी पाठवते, हाही नव्हे. नवरा फोटो काढतो आणि बायको पिशवी धरते, हा तर अजिबातच नव्हे.

आमच्या घरी छंद आहे पक्षी बघायचा आणि दुर्बीण एकच. हिवाळ्यात सकाळी आम्ही तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याला जातो, एकरुख तलावावर. थंडीत तिथे लांबून पाहुणे येतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस, भगव्या रंगाचे चक्रवाक, चिखलात चोच फिरवत चालणारे चमचे, काठाला लांब गुलाबी पायांचे शेकाटे. आता एका दुर्बिणीचं गणित सांगते. जो आधी बघतो त्याला पक्षी दिसतो. दुसऱ्याच्या हातात ती येईपर्यंत पट्टा गळ्यात अडकतो, काच पुसावी लागते, चष्म्याचा नंबर वेगळा म्हणून मधलं चाक फिरवावं लागतं, तेवढ्यात पक्षी उडालेला असतो. शेवटी आमच्यात एक नियम ठरला. तलावाच्या एका टोकापासून मधल्या बाभळीपर्यंत दुर्बीण माझी, तिथून पुढे नवऱ्याची. ज्याच्याकडे दुर्बीण नाही त्याने नुसत्या डोळ्यांनी शोधून दिशा सांगायची. ‘त्या दगडाच्या डावीकडे, पाण्याला लागून, मान खाली घालून बसलाय बघ.’ या नियमाने आम्हाला पक्षी जास्त दिसू लागले. दुर्बीणवाल्याला लांबचं नीट दिसतं, दुर्बीण नसलेल्याला आजूबाजूचं सगळं दिसतं. घरी आल्यावर वहीत नावं लिहितो, एकदा माझ्या अक्षरात, एकदा त्याच्या.

या गावात पक्ष्यांचं वेड ही नवलाची गोष्ट राहू नये. मारुती चितमपल्ली इथले. १९३२ साली सोलापुरात जन्मले, आयुष्य जंगलात काढलं, उतारवयात इथेच परतले आणि २०२५ च्या जूनमध्ये, पद्मश्री मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांत इथेच गेले. मराठीला पक्ष्यांची शेकडो नावं देणारा माणूस आपल्या गावचा, आणि आपण घरापुढच्या झाडावरच्या पक्ष्याला ‘कायतरी चिमणीसारखं’ म्हणून मोकळे होतो. नान्नजचा माळ हाकेच्या अंतरावर आहे. १९७९ पासून तिथे माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोक आता नशिबात असला तरच. पण काळवीट आहेत, चंडोल आहेत, उन्हं वर यायच्या आत पोचलात तर गवतातून पळणारा धाविक आहे. कोणाला दोघांनी मिळून शांत बसायचं असेल तर त्या माळाइतकी मोकळी जागा मला दुसरी माहीत नाही.

छंदाला पैसा लागतो, ही सबबही मला मान्य नाही. सोलापूरचे आनंद कुंभार वीज मंडळात साधी नोकरी करायचे. सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन शिलालेखांचे ठसे घ्यायचे. पदवी नाही, पाठीशी संस्था नाही. त्यातून सोलापूर जिल्ह्यातल्या शिलालेखांचा मोठा ग्रंथ उभा राहिला, श्रीनिवास रित्ती यांच्यासोबत. २०१९ साली कुंभार गेले. त्यांच्या कामाची आठवण ठेवायची तर भीमा आणि सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला जा. शके ९४० चा मराठी शिलालेख तिथे आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. एकाच शिवलिंगावर कोरलेली ३५९ मुखं आहेत. दोघांनी दोन बाजूंनी मोजायला सुरुवात करा. एकाचा आकडा हमखास चुकतो, मग पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं, आणि दुपार कधी झाली ते कळत नाही. बसचं तिकीट आणि डब्यातली धपाटी, एवढाच खर्च.

डब्यावरून आठवलं. अशा सहलीचा डबा भरायला बाई पहाटे चारला उठणार असेल तर कृपा करून सहल काढू नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. आपल्या जिल्ह्याने ही दोन वरदानं दिलीत, चार दिवस टिकतात. आणि चटणी आदल्या दिवशी नवऱ्याने कुटावी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. मिक्सरला लावायची नाही, उखळातच, मुसळाने. दाण्याचं तेल सुटून गोळा चकाकायला लागेपर्यंत. दंडात जोर हवा, आणि तो आपल्याकडे आहे असं नवरे स्वतःच सांगत असतात.

दोघांनी मिळून चालायची आपल्याकडे एक रात्र मात्र आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. कोजागरी. सोलापूर ते तुळजापूर, पंचेचाळीस किलोमीटर, हजारो माणसं पायी. त्या एका रात्री बाई दोन वाजता भररस्त्यात नवऱ्यासोबत चालत असते आणि कोणी तिला पोरं कुठायत विचारत नाही. नवऱ्याच्या हातात तिची चप्पल असते, तिच्या हातात केळ्याची पिशवी. बोलत, थांबत, पाय दाबत. हेच जोडपं दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊला कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करायला निघालं तर घरात नाकं मुरडली जातात. आईच्या नावाने चाललं तर पुण्य, एकमेकांसाठी चाललं तर थेर. तुळजाभवानीला तरी हा फरक मान्य असेल असं मला वाटत नाही.

आणि कारभाऱ्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवते, कोणत्याही पक्षाचे असोत. सुशोभीकरण म्हणजे कारंजं आणि रंगीत दिवे नव्हेत. तलाव असो, माळ असो, जुनं देऊळ असो, बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, कुलूप नसलेलं स्वच्छतागृह आधी बांधा. ते नसलं की बाई सकाळपासून पाणी पीत नाही आणि तासाभरात ‘चला ना घरी’ म्हणते. मग ऐकून घ्यायचं तिनेच, की हिला कशात रस नाही. पन्नाशीपुढच्या माणसांना टेकता येईल असा, सावलीतला, पाठ असलेला बाक बांधा. चाळीसच्या वर पारा जाणाऱ्या गावात सावलीशिवाय बाक बसवणाऱ्याला त्यावर एक मे महिना बसवायला हवं.

बाकी छंद म्हटला की माणसं मोठमोठं काही शोधत बसतात. गरज नाही. सध्या हुरड्याचे दिवस आहेत. शेताच्या कडेला आगटी पेटलेली असते, गोवऱ्यांच्या आरात कोवळी कणसं खरपूस होतात, आणि मग ती चोळायची असतात. कणीस हातात धरवत नाही इतकं गरम असतं. या हातातून त्या हातात टाकत, फुंकर मारत, तळव्यात दाबून दाणे सोडवायचे. कुसं उडतात, हात काळे होतात, तळव्यांची आग होते. हिरवे, वाफाळलेले दाणे पाटीत पडले की लगेच खायचे, गुळासोबत, चटणीसोबत, दह्यासोबत. गार झाले की गंमत गेली. म्हणूनच चोळणारा नेहमी उपाशी राहतो आणि बसणारा पोटभर खातो. एरवी घरात चोळणारं कोण आणि बसणारं कोण, ते ठरलेलंच असतं.

कणसं फार दिवस कोवळी राहत नाहीत. फेब्रुवारी लागला की दाणा टणक होतो आणि हंगाम संपतो. तेव्हा येत्या रविवारी, पाणी येवो न येवो, दोघंच निघा. बायकोला घोंगडीवर बसवा आणि कणसं नवऱ्याच्या हातात द्या.