मुंबईत 'पात्र' कसं व्हावं: अगदी नवख्यांसाठी

मुंबईत घरं नाहीत, ही अफवा आहे. 2011 च्या जनगणनेत या शहरात सुमारे 4.8 लाख घरं रिकामी सापडली होती. म्हणजे अडचण घरांची नाही, तुमची आहे. तुम्ही अजून पात्र झालेले नाही. घाबरू नका, ते शिकता येतं. हाताशी वीस-पंचवीस वर्षं मोकळी ठेवा आणि सांगतो तसं करा.

1. वेळेवर या. झोपडीत राहणार असाल (राहणारच आहात), तर कुठे राहता यापेक्षा कधीपासून राहता याला महत्त्व. 1 जानेवारी 2000 च्या आधी आला असाल तर पुनर्वसनात घर फुकट. त्यानंतर, पण 1 जानेवारी 2011 च्या आधी आला असाल, तर अडीच लाख रुपये भरा. त्याच्याही नंतर आलेले इमारती बांधायला, त्या इमारतींतली भांडी घासायला आणि मत द्यायला पात्र आहेत, घराला नाहीत. पण खट्टू होऊ नका. 1976 साली झोपड्यांची गणना करून फोटोपास वाटले, तेव्हा ती शेवटची तारीख होती. मग 1985 शेवटची झाली, मग 1995, मग 2000. आणखी एखाद-दुसऱ्या निवडणुकीपर्यंत कळ काढा. एक बारीक सूचना: अलीकडे तारीख 1 जानेवारीच धरतात, तेव्हा 31 डिसेंबरची गाडी पकडू नका. लेट झाली तर मेलात.

2. कागद सांभाळा. वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादीतलं पान. पावसात झोपडीत पाणी शिरलं की आधी कागदांची पिशवी उचला, मग पोरं. पोरं भिजली तर वाळतात. 1999 चं वीजबिल भिजलं की पुन्हा मिळत नाही.

3. तळमजला धरा. पोटमाळ्यावर संसार मांडण्याची चूक पुष्कळ जण करतात. सरकारची नजर जमिनीपासून वर फारशी जात नाही. धारावीच्या पुनर्विकासात तर खालच्या मजल्यावरचा जुना रहिवासी धारावीतच राहणार आणि त्याच्या डोक्यावर राहणारा भाडेतत्त्वावरच्या घरात, धारावीबाहेर. जिना एकच, नशिबं दोन.

4. संमती द्या. पुनर्वसनासाठी बिल्डरला आता 51 टक्के रहिवाशांची सही पुरते, आधी 70 टक्के लागायची. सही केलीत की झोपडी पाडतात आणि तुम्ही भाड्याच्या खोलीत किंवा संक्रमण शिबिरात जाता. शिबिरातली खोली निवडताना नातवंडांच्या अभ्यासाला जागा आहे ना, ते बघून घ्या. भाड्याचा चेक यायचा बंद झाला तर बिल्डरवर रागावू नका. त्याचीही बाजू असते, फक्त तो फोन उचलत नसल्यामुळे ती कळत नाही.

5. झोपडपट्टी नको असेल तर म्हाडाची लॉटरी आहे. त्यासाठी राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला काढा. 2023 च्या मुंबईच्या सोडतीत 4,082 घरं होती आणि लाखावर अर्ज. त्यात ताडदेवला काही घरं साडेसात कोटींच्या वरची होती. परवडणारी, म्हणजे ज्याला परवडतात त्याला.

6. आजोबा बदलता आले तर गिरणी कामगाराचे वारस व्हा. 1982 चा संप झाला, गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले, आणि सुमारे दीड लाख कामगार-वारस अजून रांगेत आहेत. त्यांच्यासाठी शेलू आणि वांगणीला घरं सुचवली आहेत. आजोबा परळला पायी कामाला जायचे. नातवाने कर्जत लोकल पकडावी, व्यायाम तोच.

7. इतकं करूनही घर मिळालं नाही, तर दोष द्यायला माणूस शोधा. ही पायरी सर्वात महत्त्वाची, आणि फुकट. नियम सोपा आहे: तुमच्यानंतर जो आला तो उपरा. या विद्येचा मोठा प्रयोग 1981 च्या जुलैत झाला. मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथावर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी धाडायचं जाहीर केलं. तमिळनाडूतल्या सेलमच्या एका भूमिहीन मजुराची झोपडी पाडली आणि त्याला कुटुंबासह सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको आणि मुली तिकडेच राहिल्या. तो कामासाठी परत आला आणि पुन्हा पदपथावर झोपडी गाठली. या हकालपट्टीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात त्याच्यासोबत गेलेला दुसरा अर्जदार होता संगमनेरचा, म्हणजे आपलाच. गावात चपला शिवायचा, तिथलं घर कोसळलं म्हणून 1969 ला आला आणि बदली कामगार झाला. तुळशीवाडीला पदपथावरच्या जागेसाठी त्याने स्थानिक गुंडाला 300 रुपये दिले, बांबू आणि प्लॅस्टिकला 700. सरकारने त्याला काही दिलं नव्हतं. गुंडाने निदान जागा तरी दिली. 1985 साली न्यायालय म्हणालं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि योग्य नोटीस देऊन पदपथ मोकळे करता येतील. दोन्ही बाजूंचं ऐकल्याचं समाधान ते हेच. संगमनेरचा माणूस उपरा कसा, असं विचारू नका. बसमध्ये जागा होती.

8. आश्वासनं जपून वापरा. 1995 च्या सुमारास चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचा शब्द दिला गेला. तीस वर्षं उलटली, निम्मंही झालेलं नाही. आता राज्याच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणात 2030 पर्यंत 35 लाख घरं आहेत. आकडा जुन्या शब्दाच्या जवळच आहे, फक्त तेव्हा माणसं मोजली होती, आता घरं. मधल्या काळात गणित सुधारलं, असं समजा.

9. फारच घाई असेल तर आमदार व्हा. मार्च 2022 मध्ये आमदारांसाठी गोरेगावला 300 घरांची घोषणा सभागृहातच झाली होती. लोक ओरडले, तेव्हा घरं फुकट नाहीत असा खुलासा आला. पुढच्या वेळी लोक कमी ओरडतील. या मार्गाला तळमजला लागत नाही, 1999 चं वीजबिल लागत नाही आणि पंधरा वर्षांचा दाखलाही लागत नाही. वय पंचवीस पूर्ण हवं आणि राज्यातल्या कुठल्याही मतदार यादीत नाव हवं.